नवी डिस्क, भलताच सिनेमा : जुने कुंग फू चित्रपट जमवताना वारंवार येणारी अडचण

हाँगकाँगचे जुने कुंग फू चित्रपट डिस्कवर जमवणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते, फक्त प्रत्येक जण ती आपापल्या शब्दांत सांगतो. पार्सल आलं, प्लास्टिक फाडलं, डिस्क लावली आणि काहीतरी बिनसलेलं वाटलं. कुणाला ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं दिसतं. कुणाचा सिनेमा चार मिनिटं आधीच संपतो. कुणाला लहानपणी पाहिलेली मारामारी सापडतच नाही, तर कुणाची डिस्क प्लेअर सरळ बाहेर टाकतो. मग डिस्क सदोष आहे असं ठरवून विक्रेत्याला मेल जातो, भांडून-तंडून दुसरी प्रत येते आणि तिच्यातही नेमकं तेच.

तेच होणार, कारण बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. घोळ असतो तो आवृत्तीचा. साठ ते नव्वदच्या दशकांतल्या या चित्रपटांची एकच एक प्रत कधी नव्हतीच. तोच सिनेमा एका बाजारासाठी मँडरिन या चिनी भाषेत, दुसऱ्यासाठी कँटोनीज या हाँगकाँगच्या चिनी बोलीत आणि अमेरिका-युरोपसाठी इंग्रजीत डब होऊन निघायचा. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं, कापाकापी वेगळी, काही वेळा तर पार्श्वसंगीतही वेगळं. पुढे डिस्क काढणाऱ्या कंपन्यांनी यातलं जे हाती लागलं किंवा ज्याचे हक्क परवडले ते छापलं. म्हणून तपासणीचा क्रम उलटा धरायला हवा. आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हे आधी ओळखायचं, मग प्लेअर आणि टीव्ही बघायचा, आणि डिस्कवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. परदेशातून मागवलेली डिस्क परत पाठवायला पुष्कळदा डिस्कच्या किमतीइतकं टपाल लागतं, तेव्हा ही तपासणी करूनच पुढचं पाऊल टाकावं.

डिस्क चालतच नाही

हे निस्तरायला सगळ्यात सोपं, म्हणून आधी उरकून घेऊ.

डिस्कवर ‘रीजन’ म्हणजे विभागाचं कुलूप असतं, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीचे रीजन आकड्यांत असतात. भारत ५ मध्ये, हाँगकाँग ३ मध्ये, अमेरिका १ मध्ये, ब्रिटन आणि जपान २ मध्ये. ब्लू-रेचे रीजन अक्षरांत असतात आणि त्यांची वाटणी निराळी आहे : अमेरिका, जपान आणि हाँगकाँग ‘ए’ मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’ मध्ये, भारत आणि चीन ‘सी’ मध्ये. डीव्हीडीच्या पाठीवर पृथ्वीगोलात आकडा छापलेला असतो, ब्लू-रेच्या पाठीवर षटकोनात अक्षर. म्हणजे या चित्रपटांच्या उत्तम प्रती जिथून निघतात त्या अमेरिका, ब्रिटन, हाँगकाँग आणि जपान यांपैकी एकाही देशाचा रीजन आपल्याशी जुळत नाही. इथल्या दुकानातून घेतलेल्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर अशी डिस्क अडली तर त्यात नवल नाही.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. दुकानदार ‘मल्टी-रीजन’ म्हणून प्लेअर देतो आणि तो खरंच सगळ्या देशांच्या डीव्हीडी चालवतो. ब्लू-रे घातली की अडतो. डीव्हीडीचा रीजन पुष्कळ प्लेअरवर रिमोटवरच्या आकड्यांनी मोकळा होतो, ब्लू-रेसाठी मात्र बहुतेक वेळा प्लेअरच्या आत वेगळी जोडणी करावी लागते. विकत घेताना दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा : डीव्हीडी सगळ्या चालतात का, आणि ब्लू-रे ए, बी, सी तिन्ही चालतात का. परदेशातून प्लेअर मागवत असाल तर पाठीवरच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना तेवढं बघून घ्या. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या सॉकेटमध्ये थेट लावू नका.

फोर-के डिस्कला रीजन नसतो. पण फोर-केच्या पाकिटात पुष्कळदा सोबत साधी ब्लू-रेही येते आणि ती रीजनने बांधलेली असू शकते. मुख्य सिनेमा फोर-के डिस्कवर असतो, मुलाखती वगैरे पुष्कळदा साध्या ब्लू-रेवर. त्यामुळे ‘सिनेमा चालतो, एक्स्ट्रा चालत नाहीत’ ही तक्रार आली तर कारण हेच.

संगणकावर बघत असाल तर जपून. डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. एक हाँगकाँगची डिस्क, मग एक ब्रिटनची, मग पुन्हा हाँगकाँगची असं करत ड्राइव्ह अडकवून बसलेले बरेच जण आहेत. जुना ड्राइव्ह हाताशी असेल तर तो ३ वर ठेवा आणि हात लावू नका.

चार मिनिटं कुठे गेली

डिस्कची वेळ कमी दिसली की पहिला संशय कात्रीवर जातो. कात्री लावलेल्या प्रती आहेतच, पण आधी एक गुणाकार करा.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. भारत, ब्रिटन आणि युरोपातली टीव्हीची ‘पाल’ पद्धत सेकंदाला २५ फ्रेम दाखवते. पालच्या डीव्हीडीवर सिनेमा चढवताना तो सरळ २५ च्या वेगाने पळवला जायचा, म्हणजे शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. एकही फ्रेम कापलेली नसते. डिस्कवरच्या मिनिटांना २५ ने गुणा आणि २४ ने भागा, की खरी लांबी हाती येते.

ब्रूस लीच्या १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’वरून हे नीट कळतं. त्याचा थिएटरमध्ये लागलेला कट, म्हणजे संकलित आवृत्ती, ९९ मिनिटांचा आणि नंतरचा वाढीव कट १०२ मिनिटांचा. वाढीव कट पाल डीव्हीडीवर आला की घड्याळ ९८ दाखवतं. पाठीवर ९८ वाचून ‘ही तर छोटी आवृत्ती’ म्हणत लोक डिस्क न घेता परत ठेवतात, आणि हातातून गेलेली असते ती नेमकी मोठी आवृत्ती. ९८ ला २५ ने गुणून २४ ने भागा, उत्तर १०२ येतं.

वेग वाढलाय का हे कानालाही कळतं. चार टक्के वेग वाढला की सूरही चढतो : पेटीवर पांढरी एकपासून काळी एकपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या साधारण पाऊण. ज्यांना शीर्षकसंगीत पाठ आहे त्यांना पहिल्याच मिनिटाला खटकतं. माणसांचे आवाजही किंचित पातळ येतात. काही डिस्कवर सूर यंत्राने पुन्हा खाली आणलेला असतो, तिथे ही खूण चालत नाही.

एक गोष्ट मात्र याच्याशी मिसळू नका. लढाईत हातपाय अनैसर्गिक झपाट्याने हलताना दिसले तर तो पालचा परिणाम नाही. या चित्रपटांत मारामारी मुद्दाम कमी फ्रेमने, सेकंदाला २२ किंवा २० अशा गतीने चित्रित करायची रीत होती, म्हणजे पडद्यावर ती वेगवान दिसे. बोलण्याचे प्रसंग नेहमीच्या चालीने आणि हाणामारी आली की वेग, असं दिसलं तर तो दिग्दर्शकाचा निर्णय आहे आणि जगातल्या प्रत्येक प्रतीत तसंच दिसेल.

गुणाकार करूनही मिनिटं कमी भरली तर कात्री लागली आहे. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पडद्यावर नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार) दिसूच दिला नाही. ब्रूस लीच्या हातातलं ते हत्यार असलेले प्रसंग दोन दशकं तिथल्या कॅसेटवरून गायब होते, हे धोरण सैल झालं ते नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याआधीची ब्रिटिश प्रत हाती आली तर ते प्रसंग नसणार, ती कितीही स्वच्छ असली तरी. अमेरिकेत कापाकापी वेगळ्या कारणाने झाली : तिथल्या वितरकांना सिनेमा आटोपशीर हवा होता. जॅकी चॅनचा १९९४ चा ‘ड्रंकन मास्टर २’ तिथे २००० मध्ये लागला तेव्हा तो पूर्ण इंग्रजीत डब झालेला होता आणि शेवटचा प्रसंग उडवलेला होता. दारूच्या नावाखाली औद्योगिक अल्कोहोल पिऊन नायकाची काय दशा झाली ते त्या प्रसंगात दिसतं. तो खटकला म्हणून काढला असेल, पण त्यामुळे तो कट बघणाऱ्याला सिनेमा एकदम तुटल्यासारखा वाटतो. डिस्क अडकली असं समजून लोक ती पुसत बसतात.

नाव तेच, सिनेमा दुसरा

हा घोळ सगळ्यात जास्त पैसे खातो.

ब्रूस लीचा १९७१ चा पहिला मोठा चित्रपट ‘द बिग बॉस’, त्यानंतर १९७२ चा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’. अमेरिकेत पहिल्याचं नाव झालं ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ आणि दुसऱ्याचं ‘द चायनीज कनेक्शन’. आता विचार करा, जुनी अमेरिकी डिस्क ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ नावाने कुणी विकायला काढली, आपण ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मधली जपानी दोजोतली (आखाड्यातली) ती मारामारी डोळ्यांसमोर आणून मागवली, आणि आत निघतो थायलंडमधला बर्फाचा कारखाना. विक्रेत्याने फसवलेलं नाही. त्याच्या डिस्कवर तेच नाव आहे.

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या चित्रपटांचंही तसंच. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंगचा १९७८ चा ‘द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ अमेरिकेत ‘मास्टर किलर’ म्हणून गाजला. १९७२ चा ‘किंग बॉक्सर’ तिकडे ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ झाला, आणि अमेरिकेत कुंग फूची लाट आणणाऱ्या पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. म्हणजे एकच सिनेमा दोनदा विकत घ्यायची उत्तम सोय. त्यात माणसांची नावंही दुहेरी : लाऊ कार-लेउंग हाच मँडरिन उच्चाराने लिऊ चिया-लियांग, आणि त्याचा मानलेला भाऊ गॉर्डन लिऊ म्हणजेच लाऊ कार-फाई, लिऊ चिया-हुई. संग्रहाची यादी ठेवत असाल तर इंग्रजी नावावर विसंबू नका. मूळ चिनी शीर्षक, साल आणि दिग्दर्शक या तिन्ही गोष्टी लिहून ठेवा. चिनी वाचता येत नसलं तरी चालतं, कव्हरवरची अक्षरं आणि आपल्या यादीतली अक्षरं आकाराने जुळवता येतात. विक्रेत्याने टाकलेल्या फोटोवरून एवढं अर्ध्या मिनिटात होतं.

ओठ एक बोलतात, ऐकू येतं दुसरंच

सगळ्यात जास्त डिस्क याच कारणाने परत जातात, आणि इथे थोडा इतिहास माहीत असला की अर्धी काळजी मिटते.

हाँगकाँगमध्ये त्या काळी चित्रीकरण करताना आवाज ध्वनिमुद्रित करत नसत. सिनेमा मुका चित्रित व्हायचा आणि बोलणं, ठोसे, तलवारी सगळं मागाहून स्टुडिओत भरलं जायचं. पडद्यावर दिसणारा नट आणि ऐकू येणारा आवाज पुष्कळदा दोन वेगळ्या माणसांचे असत. एकाच प्रसंगात कुणी कँटोनीज बोलतोय, कुणी मँडरिन, असंही चाले, कारण शेवटी सगळं एका भाषेत डब होणारच असे. तेव्हा ‘मूळ भाषा’ लावली तरी ओठ तंतोतंत जुळत नाहीत. तो त्या चित्रपटांचा जन्मजात गुण आहे.

पण प्लेअर-टीव्हीमुळेही आवाज मागेपुढे होतो, ते खोटं नाही. दोन्हींतला फरक ओळखायची एक खात्रीची रीत आहे. ओठांकडे बघूच नका. असा प्रसंग शोधा जिथे एखादी कठीण वस्तू आपटते : लाकडी खांबावर बसलेला हात, तलवारीवर तलवार, फरशीवर आपटलेला पाय. सरावाचे प्रसंग यासाठी उत्तम, कारण तिथे तोच आघात तालात पुन्हा पुन्हा होतो. हात खांबाला टेकतो त्याच क्षणी ‘टक्’ ऐकू आला तर तुमची जोडणी बरोबर आहे आणि ओठांचा घोळ डबिंगचा आहे, तिथे करण्यासारखं काही नाही. हात मागे निघाल्यावर आवाज आला तर बिघाड घरातला आहे. टीव्ही किंवा साउंडबारच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतं, तिथे आधी जे काही असेल ते शून्यावर आणा. आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तरच डिले थोडा थोडा वाढवा. आवाज मागे पडत असेल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू असल्यास बंद करून बघा किंवा साउंडबार काढून थेट टीव्हीचा आवाज ऐका, दोषी कोण ते कळेल. ब्लूटूथ स्पीकरवर कुंग फू बघू नये, त्यात आवाज मागे राहतोच.

भाषा कोणती लावायची? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्येसुद्धा चित्रपट मँडरिनमध्येच निघत, कँटोनीज सिनेमा जवळजवळ बंद पडला होता. १९७३ च्या ‘द हाउस ऑफ सेव्हन्टी टू टेनन्ट्स’च्या यशानंतर कँटोनीज परतली. म्हणून शॉ ब्रदर्सच्या साठ-सत्तरच्या चित्रपटांना मँडरिन आणि जॅकी चॅन, सॅमो हुंग यांच्या ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटांना कँटोनीज, हा ढोबळ नियम ठेवा. ‘एंटर द ड्रॅगन’ याला अपवाद. तो इंग्रजीच, आणि त्यात ब्रूस ली स्वतःच्या आवाजात बोलतो.

आवाजाचा दुसरा त्रास जास्त गंभीर आहे. २००० साली सेलेस्टियल पिक्चर्सने शॉ ब्रदर्सचा सुमारे ७६० चित्रपटांचा साठा विकत घेतला आणि २००२ च्या अखेरीपासून ते हाँगकाँगमध्ये डीव्हीडी आणि व्हीसीडीवर यायला लागले. त्याआधी यातले फार थोडे अधिकृतपणे घरी बघायला मिळत होते. जगभरच्या लोकांनी ते झिजलेल्या प्रिंटवरून उतरवलेल्या चोरट्या कॅसेटवरच पाहिले होते. या नव्या डिस्कने केवढं मोठं काम केलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पण सुरुवातीच्या बऱ्याच प्रतींवर जुना मोनो (एकाच वाटेचा) आवाज ५.१ (अनेक स्पीकरांचा) करताना ठोशांचे आणि तलवारींचे आवाज नव्याने घातले गेले. जुन्या आवाजाची सवय असलेल्या कानाला ते लगेच टोचतं : चित्र १९७० चं आणि ठोसा कालच्या व्हिडिओ गेमचा. आपल्या डिस्कवर तसं वाटलं तर ऑडिओ मेनूत मोनो आहे का बघा. पुष्कळ डिस्क आपोआप ५.१ वर सुरू होतात आणि मोनो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर बसलेला असतो. मोनो नसेलच, किंवा मोनो लावूनही तेच नवे आवाज येत असतील, तर त्या डिस्कवर इलाज नाही. नंतरच्या ब्लू-रे काढणाऱ्या कंपन्यांनी जुना मोनो शोधून लावण्याची बरीच मेहनत घेतली आहे. ब्रिटनच्या ॲरोने २०२१ पासून काढलेले ‘शॉस्कोप’ नावाचे ब्लू-रे संच त्यातले, आणि माझ्या मते खर्च करायचा तर तिथे करावा.

‘द बिग बॉस’चं संगीत लक्षात आहे तसं नाही, अशी तक्रार आली तर त्याचं उत्तर असं की त्याला एकाहून अधिक पार्श्वसंगीतं आहेत. मूळ मँडरिनसाठी वांग फू-लिंगचं, इंग्रजी आवृत्तीसाठी जर्मन संगीतकार पीटर थॉमसचं, आणि नंतरच्या जपानी आणि कँटोनीज आवृत्त्यांत जोसेफ कूचं. भाषा बदलली की संगीत बदलतं. डिस्कवरचे सगळे ऑडिओ ट्रॅक एकामागून एक लावून बघा, हवं ते बहुधा त्यातच असतं.

इंग्रजी डबिंग लावून बघताना मध्येच पात्रं मँडरिन बोलायला लागतात आणि खाली सबटायटल येतं, हाही डिस्कचा दोष नाही. इंग्रजी आवृत्ती जेव्हा बनली तेव्हा तो प्रसंग कापलेला होता, म्हणून त्याचं डबिंग झालंच नव्हतं. पूर्ण कट छापताना कंपनीने तिथे मूळ आवाज ठेवला. उलट याचा अर्थ आपल्या हातात पूर्ण आवृत्ती आहे.

आणि मँडरिन लावली असताना सबटायटल तोकडी किंवा असंबद्ध वाटली तर रिमोटवरचं सबटायटलचं बटण आणखी एकदा दाबा. एकाच डिस्कवर दोन इंग्रजी सबटायटल असू शकतात : एक चिनी संवादांचं भाषांतर, दुसरं इंग्रजी डबिंग ऐकून लिहिलेलं. प्लेअर पुष्कळदा दुसरं उचलतो.

एकाच वेळी दोन भाषा

हाँगकाँगच्या व्हीसीडी अजूनही जुन्या सामानात, परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या बॅगांत सापडतात. त्या लावल्या की दोन माणसं एकदम बोलल्यासारखा कल्ला ऐकू येतो. व्हीसीडीवर स्टिरिओ आवाजाचे दोनच रस्ते असतात, आणि हाँगकाँगवाल्यांनी त्यांचा उपयोग दोन भाषांसाठी केला : डाव्या बाजूला कँटोनीज, उजव्या बाजूला मँडरिन. दोन्ही स्पीकर चालू असले की दोन्ही भाषा एकमेकींवर चढतात.

जुन्या प्लेअरच्या रिमोटवर ‘एल/आर’ किंवा ‘ऑडिओ’ बटण असतं, ते दाबत गेलं की फक्त डावा किंवा फक्त उजवा आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो. आताचे पुष्कळ ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी घेतच नाहीत. तेव्हा संगणकावर ‘व्हीएलसी’ या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, वरच्या ‘ऑडिओ’ मेनूत ‘स्टिरिओ मोड’मध्ये जाऊन ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ निवडा. डिस्क सरळ उघडली नाही तर तिच्यावरच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डीएटी फाइल व्हीएलसीत ओढा.

चित्र कापलंय, की टीव्हीने खाल्लं

शॉ ब्रदर्सचा ‘शॉस्कोप’ म्हणजे २.३५ला १ असा रुंद पडदा. चौकोनी टीव्हीच्या जमान्यात तो ४:३ मध्ये बसवताना बाजूचं सुमारे ४३ टक्के चित्र टाकून दिलं जायचं. दोन लढवय्ये पडद्याच्या दोन टोकांना उभे असतील तर मधली रिकामी भिंत दिसायची किंवा चित्र इकडून तिकडे सरकत राहायचं. अशी डिस्क असेल तर टीव्हीवर कितीही खटपट केली तरी गेलेलं चित्र परत येत नाही, दुसरी प्रत शोधावी.

चारी बाजूंनी काळी चौकट दिसत असेल तर मात्र घाबरू नका. जुन्या डीव्हीडीवर रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत काळ्या पट्ट्यांसकट छापलेलं असे. टीव्हीचा ‘झूम’ लावा, चित्र रुंदी भरून येतं. थोडं भरड दिसेल, पण पूर्ण असेल. सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत असतील तर झूमने ती कापली जातात, त्याला तोडगा म्हणजे संगणकावर बघणं.

ब्लू-रेवर चित्राच्या कडा किंवा सबटायटलची खालची ओळ तुटत असेल तर टीव्ही स्वतःच थोडं चित्र कापतोय. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. आणि मारामारी मालिकेसारखी गुळगुळीत, नाटकी दिसत असेल तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतोय. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ बंद करा. कुंग फू बघणाऱ्याने टीव्ही घरी आल्या दिवशी करायचं पहिलं काम हेच.

आता एक परीक्षा, जी मी प्रत्येक नव्या डीव्हीडीवर घेतो. असा प्रसंग काढा जिथे लाथ पडद्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते. पॉज करा आणि रिमोटवरून एकेक फ्रेम पुढे सरका. पाय धूसर दिसणं साहजिक आहे, कॅमेऱ्यात तसंच उतरतं. पण एकाच फ्रेममध्ये एक पाय कमरेपाशी आणि तोच पाय फिकट होऊन पुन्हा खांद्यापाशी दिसला, म्हणजे एका माणसाला तीन पाय, तर ती डिस्क पालच्या मूळ प्रतीवरून एनटीएससीत (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत) उतरवलेली आहे. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. दोन पायांऐवजी कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर मात्र बरं आहे, तिथे प्लेअरची ‘प्रोग्रेसिव्ह’ किंवा व्हीएलसीची ‘डीइंटरलेस’ सेटिंग चालू केली की चित्र सावरतं. चालत्या चित्रात हे दोन्ही दोष नुसते ‘पुसट’ वाटतात, थांबवल्याशिवाय फरक कळत नाही.

डिस्क खरोखरच खराब असेल तर

इतकं सगळं बघूनही प्रत्येक वेळी नेमक्या त्याच ठिकाणी चित्र गोठत असेल, तर आता डिस्क हातात घ्या. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग दिव्यासमोर धरून बघा. टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर धातूचा थर गेला आहे. कडेकडून आत सरकणारा ढगाळ डाग म्हणजे डीव्हीडीच्या दोन चकत्या चिकटवणारा थर सुटतोय. दोन्हींवर उपाय नाही, चालते आहे तोवर हक्काची प्रत मिळवायच्या मागे लागा. मधल्या भोकापाशी केसाइतकी चीर गेली आहे का तेही बघा. घट्ट पाकिटातून डिस्क ओढून काढल्याने ती जाते, मधलं बटण दाबून सोडवली की जात नाही.

खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसत असेल तर ती डीव्हीडी कारखान्यात छापलेली नाही, कुणीतरी घरी लिहिलेली आहे. दुर्मीळ कुंग फू चित्रपटांच्या नावाखाली अशा प्रती ‘ओरिजिनल’ म्हणून सर्रास विकल्या जातात. त्या काही वर्षांत वाचेनाशा होतात.

मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळा हा वेगळा शत्रू. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. हेडला लागून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. डिस्क बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, उभ्या ठेवा, आणि मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटांतून काढून कडक डबीत किंवा पॉलीप्रॉपिलीनच्या पाकिटांत घाला.

पुढची मागवण्याआधी

जुन्या डिस्क विकणाऱ्याला ‘कंडिशन कशी आहे’ एवढंच विचारून काही कळत नाही, उत्तर नेहमी ‘छान’ येतं. त्याच्याकडे चार फोटो मागा : पाठीचं कव्हर वाचता येईल असं, डिस्कची खालची बाजू उजेडात, ऑडिओचा मेनू आणि सिनेमाची एकूण वेळ दाखवणारा पडदा. पहिल्यावरून रीजन आणि चिनी शीर्षक कळतं, दुसऱ्यावरून छापील की लिहिलेली, तिसऱ्यावरून मोनो आणि मूळ भाषा, चौथ्यावरून कट. पाल असेल तर २५ भागिले २४ करायला विसरू नका. शेवटच्या दोन फोटोंसाठी त्याला डिस्क लावून बघावी लागते, त्यामुळे ती चालते की नाही हेही त्यातच कळून जातं. जो विक्रेता हे फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, सिनेमा कितीही दुर्मीळ असो.